देवगडच्या सड्यावरून: सुपरनोव्हा आमच्या फ्रेममध्ये होता आणि आम्ही आंबे भरत होतो

खारा_वारा | २१ मे २०२३, रात्री १०:४०

आधीच सांगतो, सुपरनोव्हाचा (म्हणजे स्फोट होऊन मरणाऱ्या ताऱ्याचा) शोध आम्ही लावलेला नाही. शोध जपानच्या कोइची इतागाकी यांचा. तरीही जे घडलं ते लिहिल्याशिवाय झोप लागणार नाही.

१९ मेची अमावस्या धरून मी आणि मामेभाऊ मामांच्या बागेत मुक्कामाला होतो. बाग मिठबांव आणि कुणकेश्वरच्या मधल्या सड्यावर. खाली कलमं, वर उघडा कातळ, कातळाच्या कडेला मांगर (बागेतलं खोपटं). दिवसा आंबा उतरवायला आणि पेट्या भरायला मदत करायची आणि रात्री दुर्बीण लावायची, असा मामांशी करार. ८ इंची न्यूटोनियन (आरशाची दुर्बीण), जुनं इक्वेटोरियल माउंट, सेकंडहँड डीएसएलआर.

लक्ष्य एम १०१. सप्तर्षींच्या शेपटीतले वसिष्ठ आणि मरीची घ्या, त्यांच्यावर समभुज त्रिकोण काढा, तिसऱ्या टोकाला ही दीर्घिका. अंतर सुमारे २.१ कोटी प्रकाशवर्षं. आकाराने जवळजवळ चंद्रबिंबाएवढी पण इतकी फिकट की साध्या डोळ्यांना काही नाही. मेच्या मध्यावर रात्री अकराच्या आसपास ती उत्तरेला सर्वांत उंच येते. आमच्याकडून साधारण ५२ अंश. पश्चिमेला एलईडी दिवे लावून मासे पकडणाऱ्या बोटींनी क्षितिज पांढरं केलेलं असतं, त्यामुळे उत्तरेचं लक्ष्य बरं पडतं.

१८ तारखेची रात्र वाया गेली. ड्यू हीटरची वायर मांगरातल्या उंदराने कुरतडली होती. पावणेअकराला दुय्यम आरशावर दव धरलं, ताऱ्यांचे बत्तासे झाले, शिव्या घालत आवरलं. १९ला पंपाच्या लाइनवरून वायर ओढून मामेबहिणीचा हेअर ड्रायर आणला. दर वीस मिनिटांनी आरशाला फुंकर. रात्री ८:५० ते १२:४०, दोन-दोन मिनिटांच्या ९२ फ्रेम्स. पावणेअकराला मेरिडियन फ्लिप केला (लक्ष्य सर्वांत उंच आलं की दुर्बीण माउंटच्या दुसऱ्या बाजूला उलटवायची), तेव्हा केबल माउंटमध्ये अडकून सगळंच फिसकटलं, त्यात वीस मिनिटं गेली. कॅमेऱ्याच्या पडद्यावर एकेक फ्रेम येत होती. भाऊ म्हणाला, "आकार छान येतोय." झोपलो.

२० तारीख पेट्या भरण्यात गेली. सड्यावर मोबाइलला रेंज नाही. संध्याकाळी कुणकेश्वरला भजी खायला उतरलो तर फोनवर मेसेजचा पाऊस: एम १०१ मध्ये सुपरनोव्हा, कालच सापडला.

भज्यांचे पैसे दिले की नाही ते अजून आठवत नाही. वर येऊन लॅपटॉप उघडला. गेल्या वर्षी एप्रिलमध्ये याच दुर्बिणीतून घेतलेला एम १०१ एका खिडकीत, काल रात्रीची पहिलीच फ्रेम दुसऱ्या खिडकीत. आलटून पालटून. एका सर्पिल भुजेत एनजीसी ५४६१ नावाचा तेजोमेघाचा गुलाबी पुंजका आहे, त्याला अगदी खेटून एक ठिपका. गेल्या वर्षी तिथे काहीच नव्हतं.

इतागाकींच्या शोधाच्या फोटोची वेळ आपल्या घड्याळाने रात्री १०:५७. आमची पहिली फ्रेम ८:५०ची. म्हणजे दोन तास आधीपासून तो आमच्याकडे होता, आणि ते फोटो घेत होते त्या वेळी आम्ही केबल सोडवत बसलो होतो.

दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले आहेत. बाण मी काढलाय, भावाने नाही, त्यामुळे वाकडा आहे.

---

पोफळीबन | २१ मे, रात्री १०:५८

बाप रे!! अंगावर काटा आला. पहिला फोटो दिसतोय, दुसरा दिसत नाहीये.

---

खारा_वारा | २१ मे, रात्री ११:०५

दुसरा पुन्हा चढवला. इथे नेट म्हणजे माडावर चढून मिळतं तसं आहे.

---

चाकरमानी_डोंबिवली | २१ मे, रात्री ११:२०

अभिनंदन! पण मग शोध तुमच्या नावावर का नाही? फोटो आधीचा, पुरावा आहे, वेळ आहे. भांडा की राव.

---

ध्रुवमत्स्य | २१ मे, रात्री ११:४४

भांडायला काही नाही. शोध म्हणजे "माझ्याकडे फोटो होता" असं नसतं. फोटो पाहिला, आधीच्याशी ताडला, नवं काहीतरी आहे हे ओळखलं आणि जगाला कळवलं, हे सगळं इतागाकींनी त्याच रात्री केलं. आपल्या पहाटे तीननंतर थोड्याच वेळात ट्रान्झिएंट नेम सर्व्हरवर (आकाशात नव्याने दिसणाऱ्या गोष्टींची जागतिक नोंदवही) त्यांची नोंद होती. हा माणूस हौशी आहे, नोकरदार खगोलशास्त्रज्ञ नाही, आणि त्यांच्या नावावर दीडशेहून जास्त सुपरनोव्हा आहेत. ते रोज हेच करतात. आपण रंग छान आले की खूश.

(मीही त्यातलाच. माझ्या हार्ड डिस्कवर न उघडलेल्या किती फ्रेम्स आहेत ते सांगत नाही.)

आता खारा_वारा, चार प्रश्न. राग मानू नका.
१. हॉट पिक्सेल (कॅमेऱ्यातलाच बिघडलेला, उजळ दिसणारा बिंदू) नाही ना? डिदरिंग (फ्रेम्सच्या मध्ये दुर्बीण किंचित सरकवणं) केलं होतं?
२. फ्लिपनंतरच्या फ्रेम्समध्येही ठिपका ताऱ्यांच्या संदर्भात त्याच जागी आहे का?
३. ठिपक्याचा आकार शेजारच्या ताऱ्यांसारखाच गोल आहे का?
४. कॅमेऱ्याचं घड्याळ किती चुकतं?

लघुग्रहाची शंका मी घेत नाही. एम १०१ क्रांतिवृत्तापासून फार दूर आहे, तिकडे सहसा कुणी फिरकत नाही. पण पुढच्या वेळी लिओच्या, म्हणजे सिंह राशीतल्या, दीर्घिकांमध्ये असा ठिपका दिसला तर पहिली शंका तीच.

---

खारा_वारा | २२ मे, सकाळी ७:१५

राग कसला. १) डिदरिंग होतं. २) फ्लिपनंतर चित्र उलटं होतं, हॉट पिक्सेल असता तर तो आकाशात दुसऱ्याच जागी गेला असता. ठिपका तिथेच. ३) गोल. थोडा लांबट आहे पण सगळेच तारे लांबट आहेत, आमचं गायडिंगच तसं. ४) घड्याळाचं खरंच लक्षात आलं नाही. आज मोबाइलवर जीपीएसची वेळ लावून कॅमेऱ्याने तिचाच फोटो काढतो आणि फरक मोजतो.

---

रातराणी | २२ मे, सकाळी ९:०२

मला विज्ञानातलं ओ की ठो कळत नाही. पण तारा २.१ कोटी वर्षांपूर्वी फुटला ना? मग दोन तास आधी आणि दोन तास नंतर याला काय अर्थ आहे?

---

ध्रुवमत्स्य | २२ मे, सकाळी ९:३०

प्रश्न अगदी रास्त. फुटला तेव्हा फुटला. आपण बोलतोय ते त्याचा पहिला उजेड पृथ्वीवर कधी पोचला याबद्दल. पत्र वीस वर्षांनी मिळालं तरी पोस्टमन सकाळी आला की दुपारी हे सांगता येतंच की.

आणि इथे ते तास फार मोलाचे आहेत. हा टाइप २, म्हणजे प्रचंड वस्तुमानाचा तारा, इंधन संपल्यावर गाभा कोसळून फुटलेला. गाभा कोसळतो एका सेकंदाच्या आत. पण धक्क्याची लाट ताऱ्याच्या पृष्ठभागापर्यंत यायला काही तास ते एखादा दिवस लागतो. लाट बाहेर पडते तेव्हाचे पहिले तास कुणालाच सहसा मिळत नाहीत, कारण तोवर तिकडे बघायचं कारणच नसतं. बऱ्याचदा सुपरनोव्हा सापडतो तेव्हा तो काही दिवसांचा झालेला असतो. हा एका दिवसाचाही नव्हता. लडाखमधल्या हानलेच्या दुर्बिणींसाठीही हे घबाडच आहे.

तपासायला सोपं म्हणजे तुमच्या पहिल्या दहा आणि शेवटच्या दहा फ्रेम्स वेगवेगळ्या स्टॅक करून (एकावर एक रचून) बघा. ठिपका उजळलेला दिसायला हवा.

---

कैरीचं_पन्हं | २२ मे, दुपारी १:१२

चंद्रशेखर मर्यादा (जिच्यापुढे वस्तुमान गेलं की कोसळतं) ती हीच ना? १.४ सूर्यवस्तुमान? १९३० साली चंद्रशेखर मुंबईहून बोटीने इंग्लंडला निघाले आणि बोटीवर गणित केलं. म्हणजे आपल्याच अरबी समुद्रावर! कोकणकरांनी थोडं श्रेय घ्यायला हरकत नाही.

---

ध्रुवमत्स्य | २२ मे, दुपारी १:४०

श्रेय घ्या, पण थोडी दुरुस्ती. ती मर्यादा मुळात श्वेतबटूची (इंधन संपलेल्या ताऱ्याचा उरलेला दाट गाभा), आणि श्वेतबटू फुटतो तो टाइप १ए. २०११ साली याच एम १०१ मध्ये तसा एक झाला होता, एसएन २०११एफई. आताचा वेगळा, हा लाल महाराक्षसी तारा. अर्थात त्याच्या लोखंडी गाभ्यालाही तशीच मर्यादा ओलांडल्यावर कोसळावं लागतं, त्यामुळे तुमचं अगदीच चुकलं नाही.

एम १०१ चा हिशोब: १९०९, १९५१, १९७०, २०११ आणि आता २०२३. नोंदलेला पाचवा.

---

चाकरमानी_डोंबिवली | २२ मे, दुपारी २:०५

आणि या सुपरनोव्हाचं नाव काय भानगड आहे? एसएन २०२३आयएक्सएफ. गाडीचा नंबर वाटतो.

---

कैरीचं_पन्हं | २२ मे, दुपारी २:३१

गाडीसारखंच आहे. वर्षातला पहिला ए, सव्विसावा झेड, मग दोन अक्षरं, मग तीन. आय नववं, एक्स चोविसावं, एफ सहावं. ९ × ६७६ + २४ × २६ + ६ = ६७१४. म्हणजे जानेवारीपासून नाव मिळालेला ६७१४ वा उमेदवार. सगळेच सुपरनोव्हा ठरत नाहीत, वर्णपट घेऊन पक्कं झालं की मगच एसएन लागतं.

---

झील_मालवणचो | २२ मे, रात्री ८:४९

खारा_वारा, ता सगळा ऱ्हवांदे. आजोबांका दाखवलंस काय नाय?

---

खारा_वारा | २२ मे, रात्री ९:३०

दाखवलं ना! तेच लिहायचं राहिलं होतं. आजोबा ८१ वर्षांचे, अजून रोज बागेत राखणीला फेरी मारतात. माकडांसाठी गोफण, माणसांसाठी खोकला. परवा रात्री आमचा आरडाओरडा ऐकून टॉर्च घेऊन आले, आधी टॉर्च विझवायला लावला म्हणून रागावले. मग लॅपटॉपवर ठिपका दाखवला.

"हो बारीक ठिपको? ह्येच्यासाटी रातभर जागलात?"

म्हटलं आजोबा, हा तारा मेला, त्याचा उजेड आहे.

"तारो मेलो, नि तुमी हसतास कित्याक?"

मग विचारलं, मेलो कदी. भाऊ म्हणाला, दोन कोटी वर्षांपूर्वी. आजोबांनी क्षणभर विचार केला.

"मगे सुतक नाय. इतक्या उशिरा बातमी कळल्यार नुसती आंगोळ करूची."

आणि खरंच जाऊन आंघोळ केली. उकडत होतं म्हणून असेल. पण केली.

---

रातराणी | २२ मे, रात्री ९:३८

😂😂 आजोबांना साष्टांग दंडवत.

---

पोफळीबन | २२ मे, रात्री १०:१५

असे योगायोग आधीही झालेत, म्हणून लिहितो. अर्जेंटिनातल्या रोसारियो शहरातले विक्तोर बुसो. व्यवसायाने कुलूपवाले. सप्टेंबर २०१६ मध्ये घराच्या गच्चीवर नवा कॅमेरा तपासत होते आणि समोर होती म्हणून एनजीसी ६१३ दीर्घिकेचे फोटो काढत होते. सुमारे ८ कोटी प्रकाशवर्षं दूर. पाठोपाठच्या फोटोंमध्ये आधी रिकामी जागा, मग ठिपका, मग आणखी उजळ ठिपका. ध्रुवमत्स्य म्हणतात ती धक्क्याची लाट बाहेर पडतानाचाच क्षण! नंतर त्यावर नेचरमध्ये शोधनिबंध आला, लेखकांत बुसोंचंही नाव.

फरक एवढाच की बुसोंनी तेव्हाच पाहिलं. खारा_वारा, तुम्हाला टोमणा नाही हो.

आणि २०१४ साली लंडनमध्ये ढग येत होते म्हणून विद्यार्थ्यांचा वर्ग आटोपता घेत शिक्षकांनी दुर्बीण एम ८२ कडे वळवली. मिळाला एसएन २०१४जे. दहा मिनिटांत नवा तारा! आपल्याकडे ढग आले की आपण चहा करतो.

---

खारा_वारा | २३ मे, सकाळी ६:५०

टोमणा पोचला, गोड मानून घेतला. :)

पहिल्या दहा आणि शेवटच्या दहा वेगळ्या केल्या. शेवटचा ठिपका उजळ आहे, नुसत्या डोळ्यांनी कळतं. शेजारच्या एका ताऱ्याशी तुलना केली: सुरुवातीला ठिपका त्याच्याहून मंद, रात्री साडेबाराला जवळजवळ बरोबरीत. भाऊ गप्प बसून दोन्ही चित्रं बघत होता. मग म्हणाला, "आपण ड्रायर धरून उभे होतो तेव्हा हे वाढत होतं."

घड्याळ: कॅमेरा १ मिनिट ५२ सेकंद पुढे आहे.

---

ध्रुवमत्स्य | २३ मे, सकाळी ८:१०

उत्तम. आता फाइल्सना हात लावू नका. रॉ तशाच ठेवा, मूळ वेळेसह. ज्यांच्याकडे १८ आणि १९ मेच्या फ्रेम्स आहेत त्या जगभरातून गोळा होतायत. पहिला उजेड १८ मेच्या रात्री, आपल्या वेळेने साडेअकरा-बाराच्या सुमारास पोचला असावा असा अंदाज निघतोय. तेव्हा युरोपात अजून संध्याकाळ, अमेरिकेत दिवस. मोठ्या सर्वेक्षणांच्या दुर्बिणी बहुतेक तिकडे. रात्र होती ती आपल्याकडे, चीनकडे, जपानकडे. आशियातल्या हौशी लोकांच्या फ्रेम्सना एरवी कुणी विचारत नाही, या वेळी विचारणार.

आणि म्हणून पाचवा प्रश्न. १८ तारखेच्या त्या दव धरलेल्या फ्रेम्स कुठे आहेत?

---

खारा_वारा | २३ मे, सकाळी ८:२५

डिलीट केल्या. कार्डवर जागा हवी होती.

---

ध्रुवमत्स्य | २३ मे, सकाळी ८:२६

कार्ड वापरू नका!! त्याच्यावर पुढे काही काढलं आहे का?

---

खारा_वारा | २३ मे, सकाळी ८:४०

१९ तारखेचं सगळं दुसऱ्या कार्डवर आहे. या कार्डवर फक्त मामांच्या पेट्यांचे पाच-सहा फोटो, व्हॉट्सॅपवर गिऱ्हाइकांना पाठवायला काढलेले. कार्ड बाहेर काढून मामींच्या कुंकवाच्या डबीत ठेवलंय. रिकव्हरीचं सॉफ्टवेअर उतरवायला शनिवारी कणकवलीला जातो, इथल्या नेटवर मृगापर्यंत उतरेल.

---

चाकरमानी_डोंबिवली | २३ मे, सकाळी ९:१७

दव नसतं आलं तर? साडेबारापर्यंत चाललं असतं तर पहिला उजेड तुमचाच होता! उंदराने घात केला.

---

ध्रुवमत्स्य | २३ मे, सकाळी ९:५५

उंदरावर इतका राग नको. पहिल्या तासाभरात तो इतका मंद असणार की ८ इंची दुर्बिणीला, मेच्या दमट हवेत, दोन मिनिटांत तो दिसलाच नसता. पहाटे दोन-तीनपर्यंत टिकला असतात तर कदाचित.

उलट मला आधीची रिकामी फ्रेमच हवी आहे. "या वेळेला, या तेजापर्यंत, इथे काही नव्हतं" हेसुद्धा मोजमाप असतं. स्फोटाची वेळ बांधायला दोन खुंटं लागतात, एक दिसल्याचा आणि एक न दिसल्याचा.

---

कैरीचं_पन्हं | २३ मे, सकाळी ११:२०

एक शंका. १९८७ च्या सुपरनोव्हासारखे न्यूट्रिनो (गाभा कोसळताना सुटणारे अतिसूक्ष्म कण) मिळाले का? वेळ त्यानेच पक्की कळेल ना?

---

ध्रुवमत्स्य | २३ मे, दुपारी १२:०२

तेव्हाचा १.६८ लाख प्रकाशवर्षांवर होता, तरी जगभर मिळून पंचवीसच पकडले गेले. हा त्याच्या १२५ पट दूर. म्हणजे न्यूट्रिनो साडेपंधरा हजार पटीने विरळ. विसरा.

---

पोफळीबन | २५ मे, रात्री ११:३०

आज गुहागरहून ६ इंची डॉब्सन दुर्बिणीतून प्रत्यक्ष डोळ्यांनी पाहिला! ११ च्या आसपास प्रत (तेजाचा आकडा, जितका लहान तितकं उजळ) आहे. १९ला १५ होता म्हणजे सहा दिवसांत चाळीस पट. दीर्घिका धुरकट डाग, आणि त्या डागाच्या कडेला हा टोकदार टिंब. चंद्राची कोर मोठी झाली आहे पण मध्यरात्रीपर्यंत मावळतो. दोन-तीन दिवसांत बघून घ्या, मग पौर्णिमा आणि नंतर पाऊस.

---

झील_मालवणचो | २७ मे, रात्री ११:५०

बघलंय. चिवल्यार लायटी खूप म्हणान तोंडवळीच्या वाळूत जाऊन. बायको म्हणाली ह्या बघूक इतक्या लांब? मगे तिना बघल्यान नि धा मिनटां दुर्बीण सोडूक नाय.

---

खारा_वारा | ९ जून, रात्री ९:०५

उशीर झाला, माफी. आंब्याचा हंगाम आवरला, मामांची शेवटची पेटी गेली. समुद्रात बिपरजॉय उठलंय, आकाश आठवडाभर बंद. पाऊस उघडेल तेव्हा एम १०१ संध्याकाळीच खाली उतरलेली असेल, त्यामुळे आमच्यासाठी हा तारा संपला.

कार्डावरच्या १८ मेच्या ३८ फ्रेम्सपैकी ३१ परत मिळाल्या. शेवटच्या सात-आठ दवाने बाद, ताऱ्यांभोवती प्रभामंडळं. पण त्याच्या आधीच्या चांगल्या आहेत. साडेसोळा प्रतीपर्यंतचे तारे स्पष्ट मोजता येतात. एनजीसी ५४६१ शेजारी काहीही नाही. पाच वेळा बघितलं, भावानेही बघितलं, आजोबांनीही चष्मा लावून बघितलं. ("खंय आसा?" "नाय आजोबा, नाय हाच दाखवायचा आसा." "बरां.")

चांगल्यातली शेवटची फ्रेम कॅमेऱ्याच्या घड्याळाने १०:४०:१२ ला सुरू झाली आहे.

---

ध्रुवमत्स्य | ९ जून, रात्री ९:२०

वा! पाठवा. वेळ जागतिक प्रमाणवेळेत लिहा, घड्याळाची चूक वजा करून.

---

खारा_वारा | ९ जून, रात्री ९:३१

१८ मे २०२३, १७:०८:२०. पाठवली.